चाकाला तिसरा धक्का

शिट्टी फुंकून पोट भरणारा माणूस मी. वडील अमरावतीचे नावाजलेले वकील, थोरला भाऊ कॉलेजात संस्कृत शिकवणारा, आणि मी हायस्कुलात ड्रिल मास्तर. घरी पाहुणे आले की माझी ओळख सगळ्यांत शेवटी व्हायची, तीही "हा खेळाबिळाचं बघतो" एवढ्यावर. त्याचा राग मी मैदानावर काढत असे. बास्केटबॉलचा पंच म्हणून साऱ्या वऱ्हाडात माझं नाव होतं, आणि ते गोड स्वभावासाठी नव्हतं. आमच्याच शाळेनं जिंकत आणलेला सामना मी शेवटच्या मिनिटाला एका शिट्टीनं घालवला, तेव्हा हेडमास्तर आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मला त्याचा अभिमान वाटे. मैदानात नातं नाही आणि दयामाया नाही, हा माझा बाणा. तो बाणा किती कच्चा होता, हे मला एका माणसानं दाखवलं.

तो माझाच विद्यार्थी. पन्नासच्या दशकात मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून आमच्या बोर्डिंगात आला. बाप शेतकरी, काळ्या जमिनीचं बऱ्यापैकी वावर, घरात शिकलेलं कोणी नाही. हा पोरगा उंच, सडसडीत आणि पायांनी लांब. पहिल्याच आठवड्यात त्याला मी बोर्डिंगच्या कडुनिंबाची फांदी उभ्या उडीत धरताना पाहिलं आणि पुढची चार वर्षं त्याच्या मागे लागलो. टाच कधी उचलायची, गुडघा किती वाकवायचा, उडीच्या टोकाला पोचल्यावर चेंडू केव्हा सोडायचा, सगळं मी शिकवलं. शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली तेव्हा बाकीची पोरं गाडीत बसून वर आली आणि याला मी अर्धा घाट पळवत नेला. त्यानं एकदाही कुरकुर केली नाही. त्याचे पाय मी घडवले असं मी लोकांना सांगत फिरायचो, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

मॅट्रिकनंतर तो सैन्यात गेला. पुढे सरहद्दीवर लढाई झाली, तीत त्याच्या पाठीच्या कण्यात तोफगोळ्याचा तुकडा शिरला. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं. मला ही बातमी एका शिक्षकानं स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगितली. त्या आठवड्यात मी चार वेळा पत्र लिहायला बसलो आणि चारही वेळा "चि. यास आशीर्वाद" याच्या पुढे गेलो नाही. ज्याचे पाय आपण घडवले त्याला पाय गेल्यावर काय लिहायचं? शेवटी लिहिलंच नाही. आजही त्याची लाज वाटते.

मग दोन-अडीच वर्षांनी, साठचं दशक सरत आलेलं असताना, शाळेत एक जाड लिफाफा आला. चाकांच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळणाऱ्या पुरुषांचा आपल्या देशाचा संघ परदेशात सामने खेळायला निघणार होता. सगळे लढाईत जखमी झालेले जवान. निघण्याआधी सराव म्हणून आणि लोकांनी पाहावं म्हणूनही ते वऱ्हाडात आपापसात दोन सामने खेळणार होते. एक अमरावतीला, दुसरा आणि शेवटचा अकोल्याला. संघात बारा जण होते आणि परदेशी दहाच जाणार होते. कोणते दहा, ते अकोल्याचा सामना संपल्यावर प्रशिक्षक सांगणार होते. पंच म्हणून मी यावं अशी विनंती होती. खाली बारा नावांची यादी होती आणि त्यात त्याचं नाव होतं. मी ते तीनदा वाचलं.

सोबत नियमांचे टंकलिखित कागद होते. खेळ जवळपास आपलाच. फरक मुख्य एकच. चेंडू मांडीवर घेऊन चाकांना जास्तीत जास्त दोन धक्के द्यायचे, मग चेंडू जमिनीवर आपटायचा, नाहीतर टाकायचा किंवा दुसऱ्याला द्यायचा. तिसरा धक्का दिला की चूक, चेंडू समोरच्यांना. बाकी मैदान तेवढंच, वेळ तेवढाच, आणि रिंगची उंची दहा फूट. हे दहा फूट वाचून मी हसलो. बसलेल्या माणसाला दहा फुटांवर रिंग? टायपिस्टनं जुन्या कागदावरून तसंच उतरवलेलं दिसतंय, असं मी मनाशी ठरवलं. शाळेच्या सुताराला बोलावलं आणि दोन्ही खांबांवरच्या फळ्या खाली घेऊन रिंगा आठ फुटांवर बसवल्या. मुरमाच्या मैदानावर तीन दिवस पाणी मारून रोलर फिरवला. एवढी तयारी आपल्याशिवाय कोणी केली नसती, याचं समाधान वाटत होतं.

स्टेशनवर गाडी आली. हमालांनी खुर्च्या उतरवल्या, लोखंडी, दवाखान्यात असतात तशा जड. मग माणसं उतरली. बहुतेकांनी दाराच्या दांडीला धरून स्वतःला खाली खुर्चीत सोडलं. त्याला मी ओळखलंच नाही. माझ्या आठवणीतला पोरगा काटकुळा होता आणि समोर बसलेल्या माणसाचे खांदे शर्टात मावत नव्हते. त्यानं हात जोडले.

"सर, वाकता येत नाही आता. असाच नमस्कार घ्या."

 शेजारच्या हमालावर उगाच खेकसलो, खुर्ची नीट धर म्हणून. त्याच्या पायांकडे बघायचं नाही असं घरून ठरवून आलो होतो आणि सारखा तिकडेच बघत होतो.

चारच्या सुमारास मैदानाभोवती सगळी अमरावती लोटली होती. संघाचे प्रशिक्षक, सैन्यातले एक निवृत्त सुभेदार, मैदानात आले, वर बघून थबकले आणि हिंदीत म्हणाले, "मास्टरजी, रिंग नीचे क्यों है?"

मी मोठ्या कौतुकानं खुलासा केला. बाराही जण एकमेकांकडे बघायला लागले. हसला तो एकटाच.

"सर, आमी खाली बसलो, त्याच्यात रिंगचा काय दोष? तिले काहून खाली ओढता?"

सुताराला पुन्हा शिडी लावावी लागली. फळ्या वर जाईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ ते बारा जण चैत्राच्या उन्हात खुर्च्या गरगर फिरवत हात मोकळे करत होते आणि मी शिडी धरून उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला मैदानातून पळून जावंसं वाटलं.

सामना सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत माझी वीस वर्षांची विद्या उलटीपालटी झाली. मला वाटलं होतं, सावकाश चालेल, बघणाऱ्यांचे डोळे पाणावतील, टाळ्या पडतील. इथे मुरमाची धूळ उडत होती, लोखंडावर लोखंड आदळत होतं आणि माणसं एकमेकांना शिव्या घालत होती, त्याही पंजाबी, तेलुगू, मराठी अशा सगळ्या भाषांत. एक जण भरधाव यायचा, एका हातानं एकच चाक दाबायचा आणि जागच्या जागी खुर्ची फिरवून समोरच्याला मोकळ्या जागेत सोडून द्यायचा. पावलं टाकणाऱ्या माणसाला इतक्या लहान जागेत वळता येत नाही. चाकांच्या कडा घासून त्यांच्या तळहातांना नांगर धरणाऱ्याच्या हातांसारखे घट्टे पडलेले होते. आणि चेंडू टाकणं? मी जन्मभर शिकवत आलो होतो की नेम पायापासून सुरू होतो. या माणसांना कमरेखालून काहीच मिळत नव्हतं. नुसता खांदा, कोपर आणि मनगट, आणि चेंडू दहा फुटांवरच्या रिंगमध्ये जाळीला न शिवता उतरत होता. मी शिट्टी हातात धरून तोंड उघडं टाकून बघत होतो. हे कसं होतं, हे मला कळत नव्हतं. मला न कळणारं काहीतरी बास्केटबॉलमध्ये आहे, याचाच धसका बसला होता.

तो लाल बनियनच्या बाजूनं खेळत होता, समोर निळे. चेंडू मांडीवर घेऊन तो सुटला, एक धक्का, दोन धक्के, आणि तिसरा. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी फुंकली नाही. मला त्या क्षणी तो चिखलदऱ्याचा घाट चढताना दिसत होता. ज्याचे पाय गेले त्याच्या हाताचा एक धक्का जास्त झाला म्हणून मी त्याला थांबवू? छे. त्यानं बास्केट केली, लोकांनी जल्लोष केला. मग हे पुन्हा झालं, आणि पुन्हा. दुसऱ्या कोणाच्या तिसऱ्या धक्क्याला मी चटकन शिट्टी मारत होतो, त्याच्या धक्क्याला मात्र माझी फुंकरच निघत नव्हती. लाल बाजू जिंकली. सगळ्यांत जास्त बास्केट त्याच्या. मला वाटलं, चला, आपल्या हातून त्याचं भलं झालं, दहांत त्याची जागा पक्की.

जेवणं बोर्डिंगात होती. दिवेलागणीला मी पन्हं घेऊन व्हरांड्यात गेलो तर तो एका खांबापाशी खुर्ची लावून बसलेला. त्यानं पेल्याला हात लावला नाही.

"सर, आज माह्या हातून सात वेळा तिसरा धक्का झाला. तुमी एकदाही शिट्टी नाही मारली. काहून?"

मी म्हणालो, धुळीत दिसलं नाही.

"तुमाले दिसलं नाही?" तो म्हणाला. "म्या तुमच्या हाताखाली चार वर्सं काढले, सर. माह्या बुटाची नाडी सुटली तं तुमाले मैदानाच्या पल्याडून दिसे."

मग त्यानं पुढचं सांगितलं. प्रशिक्षकांनी त्या धक्क्यांवर झालेल्या सातही बास्केट वहीत खोडून टाकल्या होत्या. शेजारी अक्षरशः लिहिलं होतं की हा खेळाडू गाववाल्या पंचाच्या मेहरबानीवर खेळतो. आता हिशेबात त्याच्या नावावर दोनच बास्केट होत्या, बाराही जणांत सर्वांत कमी. उरला अकोल्याचा एक सामना.

"शिट्टी वाजली असती तं म्या दुसऱ्यांदाच सुधरलो असतो. नाही वाजली म्हनून हात सोकावला. तिकडे परदेशात माह्यावर दया कराले कोन बसलं हाये? मले गावात साऱ्यायनं दयाच केली, सर. वर्सभर खाटेवर पडून होतो तं लोक येत, बसत, च च करून जात. मले वाटलं, एक तुमी तरी नाही कराल."

तो चिडून बोलत नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी त्याची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी "जेवून घे" एवढंच म्हणून मी घरी आलो. मी त्याचं भलं करायला गेलो होतो आणि त्याची परदेशाची वाट माझ्याच हातानं अडवून आलो होतो.

अकोल्याचा सामना एका जिनिंग कारखान्याच्या आवारात होता. कापसाचा हंगाम संपला होता. ज्या सिमेंटच्या ओट्यावर कापसाचे ढीग पडतात तो मोकळा झाला होता, आणि खुर्च्यांना अख्ख्या वऱ्हाडात याहून चांगली जागा नव्हती. दोन दिवस झाडूनही कोपऱ्याकोपऱ्यात सरकी आणि कापसाचे पुंजके होते. खांब शाळेतून बैलगाडीवर आणलेले. रिंगा दहा फुटांवर, मी स्वतः टेप लावून मोजल्या. त्याच्या गावची तीस-चाळीस माणसं शकुंतला या छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीनं आली होती. पुढच्या रांगेत त्याचे वडील, धोतर, पांढरी टोपी, मांडीवर भाकरीचं फडकं. मी नमस्कार केला तर म्हणाले, "मास्तर, पोराकडे ध्यान ठेवा." काय ध्यान ठेवायचं ते माझं मलाच ठाऊक.

दुसऱ्याच मिनिटाला तो चेंडू घेऊन सुटला. एक, दोन, तीन. मी शिट्टी फुंकली.  चेंडू निळ्यांना दिला. गावकऱ्यांत कुजबुज झाली. पाच मिनिटांनी पुन्हा तिसरा धक्का, पुन्हा शिट्टी. आता आरडाओरडा सुरू झाला. "ओ मास्तर, मानूस हाये का कोन हाये? लंगड्या मानसाले काहून छळून राहिले?" एकानं सरकीची मूठ माझ्या अंगावर फेकली. माझ्या विद्यार्थ्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेंडू ठेवला आणि मागे वळला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा दोन धक्के दिले, चेंडू आपटला, परत दोन धक्के, आणि टाकला. आत. त्या एका बास्केटला मी मनात जेवढ्या टाळ्या वाजवल्या तेवढ्या साऱ्या आयुष्यात वाजवल्या नसतील. पंचाला टाळ्या वाजवता येत नाहीत, हे किती वाईट आहे ते मला तेव्हा कळलं.

उत्तरार्धात निळ्यांचा एक दांडगा गडी आडवा आला. दोन्ही खुर्च्यांच्या पाय ठेवायच्या पट्ट्या एकमेकांत अडकल्या आणि हा खुर्चीसकट कुशीवर आपटला. सिमेंटवर डोकं आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. गावची माणसं एकदम उठली आणि आत धावली, सगळ्यांत पुढे त्याचे वडील. नियम असा की पडलेला खेळाडू स्वतः उठतो. बाहेरच्या माणसानं हात लावला तर खेळाडूला उरलेला सामना बाहेर बसावं लागेल, असं प्रशिक्षकांनी दोन्ही बाजूंना आधीच बजावलेलं. मी शिट्टी फुंकत धावलो आणि म्हाताऱ्यापुढे हात पसरून उभा राहिलो.

"मास्तर, सरका. माहा पोरगा पडला."

"त्याला हात लावू नका," मी म्हणालो. "दादा, पाया पडतो, हात लावू नका."

म्हाताऱ्यानं माझी कॉलर धरली. त्याच्या हातात बैल आवरायची ताकद होती. मला मागे वळून बघता येत नव्हतं, पण त्याचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे लागलेले होते आणि त्या डोळ्यांतच मला दिसलं. आधी नुसती भीती होती. मग पापण्या हलायच्या थांबल्या. मग कॉलरवरची पकड हळूहळू सैल झाली. मी वळलो. कमरेला पट्टा असल्यामुळे खुर्ची पोराच्या अंगालाच होती. त्यानं डावा तळहात सिमेंटवर रोवला, उजव्या हातानं वरचं चाक धरलं, एक झोका घेतला, दुसरा घेतला, आणि खुर्चीसकट सरळ झाला. कपाळावर रक्त आलं होतं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि हिंदीत ओरडून चेंडू मागितला.  पुढे मी खूप मोठे खेळाडू पाहिले, पण मैदानात माझ्या अंगावर तसा काटा पुन्हा आला नाही.

त्याची बाजू हरली. त्याच्या नावावर सहा बास्केट होत्या, सहाच्या सहा चोख. आवारातच प्रशिक्षकांनी वही उघडून दहा नावं वाचली. त्याचं दहावं होतं. मी एका खांबाला टेकून लहान पोरासारखा रडलो, आणि कोणी पाहिलं तर पाहू दे असं वाटलं.

माणसं पांगल्यावर वडील माझ्याजवळ आले. भाकरीचं फडकं अजून हातात होतं, सोडलेलं नव्हतं.

"वर्सभर म्या त्याले उचलून राहिलो, मास्तर," ते म्हणाले. "खाटेवरून खाली, खालून खाटेवर. थो म्हने, बाबा, राहू द्या, म्या करतो. म्या आयकलंच नाही. मले वाटे, माह्या जिवाले तरास होऊ नये म्हनून पोरगा तसं बोलून राहिला."

पावसाळ्यानंतर परदेशचा शिक्का असलेलं पाकीट माझ्या नावानं शाळेत आलं. आत त्याचं पत्र, आणि वर लिहिलेलं, "सर, हे बाबाले वाचून दाखवा." रविवारी मी शकुंतलेनं त्याच्या गावी गेलो. वडील वावरात होते, कपाशीत कोळपणीचा शेवटचा डवरा चालला होता. बांधावर बसून मी वाचायला लागलो. आमी सगळे सामने हरलो. तिकडच्या खुर्च्या हलक्या, मानसं लय तयारीची, खूप शिकाले भेटलं. इथपर्यंत म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. मग पुढची ओळ आली. शेवटच्या सामन्यात माह्ये पाच फाऊल झाले आन् पंचानं मले बाहेर काढलं.

"फाऊल म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, दांडगाई. पुन्हा पुन्हा दांडगाई केली की पंच खेळाडूला मैदानाबाहेर काढतो.

"कोनाले काढलं?"

"याला. तुमच्या मुलाला."

 ते उठले, धोतराची माती झटकली, ऐटीत टोपी सरळ केली आणि शेजारच्या वावरात निंदण करणाऱ्या माणसाला दुरूनच हाक मारली.

"आयकलं काय भाऊ, माह्या पोट्ट्यानं परमुलखात दांडगाई केली. लोकायनं हाकलला त्याले."